परीक्षकांच्या दिव्याकडे पाठ

गोदाबाई केणे यांचं मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी ते एका बैठकीत उरकलं. दोनशे शब्द हवे होते, दोनशे चार झाले. त्यात एकतीस नाटकांची नावं होती, सालं होती, केंद्रं होती, आणि कुठे कितवा क्रमांक आला तेही होतं. ते मानपत्र स्टेजवर कुणी वाचलं नाही. का वाचलं नाही ते सांगतो, आणि त्या कागदावर खरं काय लिहायला हवं होतं तेही जमेल तसं सांगतो.

मी मारुती शेलार. वागळे इस्टेटमध्ये आमची पंख्याचे रेग्युलेटर बनवणारी कंपनी होती. तिथे मी स्टोअरला होतो आणि पाच वाजल्यानंतर कंपनीच्या कला मंडळाचा दिग्दर्शक. दरवर्षी कामगारांच्या नाट्यस्पर्धेत आमचं नाटक असायचं. गोदा पॅकिंगला होती. ठाकुर्लीपलीकडच्या गावातली आगरी सून, वय अठ्ठावीस, अंगानं काटकुळी, आवाज मात्र शेवटच्या शेडपर्यंत पोचणारा. १९९० साली पॅकिंगचा सुपरवायझर माझ्याकडे तक्रार घेऊन आला, की ही बाई माझी नक्कल करते आणि सगळी लाइन हसत बसते, खोकी तशीच पडून राहतात. मी तिला बोलावून म्हटलं, करून दाखव. तिनं त्याच्यासमोरच करून दाखवलं. बोलली काही नाही. फक्त तो दार कसं ढकलतो ते दाखवलं, डाव्या खांद्यानं, जणू दारच त्याच्या हाताखाली काम करतंय. तो चिडून निघून गेला, आणि जाताना त्यानं दार डाव्या खांद्यानंच ढकललं. मी तिला त्याच दिवशी नाटकात घेतलं.

आता स्पर्धेच्या नाटकातली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. प्रेक्षागृहात अंधार झाला तरी मधल्या एका रांगेत तीन छोटे दिवे जळत राहतात. तिथे परीक्षक बसतात. पुढ्यात टेबल, टेबलावर गुणपत्रिका, तिच्यावर टेबललॅम्पचा उजेड. हौशी नट पहिल्या वर्षी संवाद पाठ करायला शिकतो आणि दुसऱ्या वर्षी तो दिवा शोधायला शिकतो. महत्त्वाचं वाक्य आलं की मान आपोआप तिकडे वळते. रडायचं ते दिव्याकडे बघून, मरायचं तेही डोकं दिव्याकडे करून. मी स्वतः माझ्या नटांना हे शिकवलंय, लपवत नाही. मी खडूनं स्टेजवर खुणा करून द्यायचो.

गोदानं पहिल्याच प्रयोगात त्या खुणा पायानं पुसल्या. तिचं सगळं काम डाव्या बाजूच्या शेवटच्या कोपऱ्याकडे चाललं होतं. तिथे खांबाआड तिची सासू ठमाबाई आणि गावच्या सात-आठ बायका बसल्या होत्या, टेम्पो करून आलेल्या. परीक्षकांना तिचा निम्मा वेळ एक कान आणि अंबाडा दिसला. पडदा पडल्यावर मी तिच्यावर तुटून पडलो.

"भाऊ, ते तिघं लिहितात," ती म्हणाली. "लिहिताना मान खाली असते. जो बगत नाय त्याला मी कशाला दाखवू?"

"अगं, मार्क तेच देतात."

"देऊ दे की. मी कुठं हात धरलाय."

मी मनात म्हटलं, नवी आहे, शिकेल. ती शिकली नाही. पुढची तेहतीस वर्षं मी तिला दिव्याकडे वळवत राहिलो आणि ती कोपऱ्याकडे वळत राहिली. गुणपत्रिकेवरचा शेरा ठरलेला, जणू छापूनच ठेवला होता: अभिनेत्रीने प्रेक्षकाभिमुख राहावे. या एका वाक्याचा मला जितका राग आलाय तितका कशाचाच आला नाही. ती प्रेक्षकांकडे तोंड करूनच उभी असायची. त्यातल्या तीन प्रेक्षकांकडे नसायची, एवढंच. एकतीस नाटकांत तिला अभिनयाचं पदक सोडाच, साधं प्रमाणपत्रही मिळालं नाही. तिच्या मागे उभं राहून ट्रे धरणाऱ्यांनी रौप्यपदकं नेली.

२००३ साली कंपनी बंद पडली. मंडळाचं सामान मी डोंबिवलीला आणलं, महापालिकेच्या एका शाळेत संध्याकाळी वर्ग मिळाला, आणि आम्ही कामगारांचे प्रायोगिक नाटकवाले झालो; स्पर्धा मात्र सुटली नाही. फरक फार नव्हता, नेपथ्य कमी झालं आणि चर्चा वाढली. तोवर गोदाच्या घरची परिस्थितीही पालटली होती. गावच्या जागेवर पाच मजली इमारत उभी राहिली, मुलांनी गाड्या घेतल्या. थोरला एकदा माझ्यासमोर तिला म्हणाला, "आई, आता काय कमी हाय आपल्याला? लोकं हसतात. केण्यांची बाई अजून स्टेजवर भांडी घासते बोलतात."

"घरात तू मोलकरीन ठेवलीस," गोदा म्हणाली, "मंग मी कुठं घासू?"

प्रयोगाच्या दिवशी तोच गाडी घेऊन तिला सोडायला आला. घरच्यांना तिनं असंच वळवलं, भांडून नाही, न ऐकून.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. कल्याणात एका मंडळाची एकांकिका स्पर्धा असते. दिवसभरात अकरा एकांकिका, सकाळी नऊला पहिली घंटा, संध्याकाळी निकाल. मंडळाचा कार्यवाह देवेश हा तिशीतला पोरगा, कामसू आणि गोड बोलणारा. दोन वर्षं मी त्याच्या मागे लागलो होतो की गोदाबाईंचा सत्कार करा, बासष्टी उलटली, कुठेतरी एकदा तरी तिच्या नावानं टाळ्या वाजू देत. शेवटी तो तयार झाला. म्हणाला, "काका, एक करू. काकूंना परीक्षकपण करू, आणि निकालाच्या वेळी सत्कार करू. मानपत्र तुम्ही लिहा." मला त्या रात्री आनंदानं झोप आली नाही. तिला एका स्पर्धेनं काही द्यावं, ही माझी तीस वर्षांची भूक होती.

सकाळी तीन परीक्षक बसले. गोदा मधे. एका बाजूला एक निवृत्त प्राध्यापक, दुसऱ्या बाजूला मालिकांमध्ये काम केलेले एक गृहस्थ. तिन्ही टेबलांवर दिवे. तिसरी घंटा झाली, प्रेक्षागृहात अंधार झाला आणि गोदानं हात लांब करून आपल्यासमोरचा दिवा बंद केला.

मी मागच्या रांगेत होतो. मला वाटलं दिवा बिघडला. देवेश वाकून गेला, बटण दाबून बघितलं, दिवा लागला, तो निघाला, तिनं पुन्हा बंद केला. स्टेजवरच्या पोरांची जी तारांबळ उडाली ती सांगण्यासारखी आहे. दिवे दोन, तेही दोन टोकांना, मधे काळोख. नायक अर्धं वाक्य डावीकडे बोलायचा, अर्धं उजवीकडे. टेबलफॅनसारखी त्याची मान फिरत होती. दुसऱ्या एकांकिकेपर्यंत विंगेत बातमी पोचली की मधल्या बाई लिहीत नाहीत, नुसत्या बघतात. त्यानंतर पोरं जास्तच घाबरली.

जेवणाच्या सुट्टीत मी तिला गाठलं. गुणपत्रिका कोरी होती. "गोदा, हे काय चाललंय?"

"लिहीत बसले तर बगू कवा?"

"मग आता आठवून भर. अजून सहा बाकी आहेत."

"भाऊ, माज्याकडं मार्क नाय. काय बगितला ते हाय. ते विचारतील तर सांगते."

सातवी एकांकिका पाण्याच्या रांगेवरची होती. नळ, हंडे, भांडणं, एक टँकरवाला. ठराविक. रांगेत सगळ्यात मागे एक मुलगी उभी होती, पायल नावाची, कॉलेजात शिकणारी. तिला पस्तीस मिनिटांत एकही वाक्य नव्हतं. कंबरेवर हंडा घेऊन उभं राहायचं, रांग सरकली की सरकायचं, बस. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही, खरं सांगतो. मी भांडणाऱ्या दोघींकडे बघत होतो, आणि मधूनमधून प्राध्यापकांच्या पेनाकडे. ती सवय काही गेली नव्हती.

संध्याकाळी पाचला शेवटचा पडदा पडला आणि परीक्षक आतल्या खोलीत बसले. पंधरा मिनिटांत देवेश बाहेर आला आणि मला दंडाला धरून आत घेऊन गेला. प्राध्यापकांचा चेहरा लाल झालेला. गोदा खुर्चीत मांडी घालून बसली होती. तिचं म्हणणं एकच, अभिनयाचं पहिलं पायलला. प्राध्यापकांचं म्हणणं, गुणपत्रिकेत वाचिक अभिनयाला वीस गुण आहेत, जिला शब्दच नाही तिला देणार काय? मालिकावाले गृहस्थ म्हणाले, मुळात यांनी एकाही एकांकिकेला एकही गुण दिलेला नाही, हा स्पर्धकांवर अन्याय आहे. आणि ते चुकीचं बोलत नव्हते. पोरं महिना-महिना राबून आली होती, त्यांना निकाल हवा होता.

देवेशनं तोड काढली. "काकू, असं करू. ह्या दोघांच्या मार्कांची सरासरी काढून आम्हीच तुमचं शीट भरतो. तुम्ही फक्त खाली सही करा. मग लगेच निकाल, लगेच तुमचा सत्कार. पाहुणे आलेत."

गोदानं तो कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि टेबलावर ठेवला.

"माज्या सासऱ्यानं एकदा कोऱ्या कागदावर आंगठा दिलेला," ती म्हणाली. "नंतर भरतो बोललेले. तिकडं आता तुमच्या सोसायट्या हायत. मी सही नाय करनार."

प्राध्यापक शांतपणे म्हणाले, "या बाई परीक्षक म्हणून मंचावर असतील, तर निकालपत्रावर मी सही करणार नाही." देवेशनं माझ्याकडे बघितलं. बिचारा रडायच्या बेतात होता. "मारुतीकाका, तुम्ही समजवा. सही केली तर सगळं होतं. नाहीतर सत्कार मला करता येणार नाही."

मी तिला बाजूला नेलं आणि मी जे बोललो त्याची मला आज लाज वाटते. म्हटलं, एक सही कर. तुझ्या एका सहीनं कुणाचं घर बुडत नाही. एकतीस नाटकं केलीस, एक शाल नाही मिळाली, मी दोन वर्षं या पोराच्या पायऱ्या झिजवल्या. एकदा, गोदा, एकदाच दिव्याकडे बघ.

"भाऊ, शाल मना पायजे का तुमाला?" तिनं विचारलं.

तिनं पिशवी उचलली, देवेशच्या डोक्यावरून हात फिरवला, "तुजा काय दोष नाय रे," म्हणाली, आणि निघाली. मी मागोमाग.

आवारात पायलचा गट टेम्पोत सामान भरत होता. पत्र्याचा नळ, पिंप, हंडे. गोदानं हाक मारली. पोरगी धावत आली, वाकायला लागली, गोदानं तिला मधेच उभी केली.

"तुजा हंडा रिकामा होता," गोदा म्हणाली. "पन नळाजवळ येईपर्यंत तो मना जड होत गेलेला दिसला. पयला डाव्या कंबरेवर होता. भांडन सुरू झाला तवा तू उजवीकडं घेतलास, आन डावा पाय जरा झाडलास. मुंग्या आलेल्या. तो टँकरवाला बोलत होता तवा सगळ्या त्याच्याकडं बगत होत्या, तू पान्याकडं बगत होतीस."

पायल हसली नाही की रडली नाही. कान देऊन ऐकत होती.

"एक चुकलीस. शेवटाला हंडा भरून खाली ठेवलास तो हलका ठेवलास. भरल्या हंड्याला आधी गुडघा लागतो, मंग जमीन लागते. आन हात लगेच नाय सुटत. कर बगू."

टेम्पोतून हंडा आला. पोरीनं तो ठेवला. पुन्हा ठेवला. सहाव्या खेपेला गुडघा बरोबर लागला, आणि तिचा हात हंड्याच्या गळ्यावर क्षणभर तसाच राहिला. रिकाम्या हंड्यातलं पाणी मला दिसलं. आतून लाउडस्पीकरवर निकाल ऐकू येत होता, पायलचं नाव त्यात नव्हतं, आणि तिथल्या कुणाचंही तिकडे लक्ष नव्हतं. टेम्पोतली चार पोरं खाली उतरून रांगेत उभी राहिली होती. "काकू, आमचं सांगा ना." गोदानं सगळ्यांचं सांगितलं. पडदा ओढणाऱ्याचंसुद्धा.

टेम्पो गेल्यावर आम्ही दोघं पायरीवर बसलो. तिनं चपला काढून पाय मोकळे केले आणि म्हणाली, "काय लिवलेला माज्यावर ते वाचा की. आता कोन वाचनार हाय?"

मी खिशातून कागद काढला आणि वाचला. चांगला खणखणीत वाचला. १९९७, वजनकाटा, ठाणे केंद्र, द्वितीय. १९९८, खाजण, ठाणे केंद्र, उत्तेजनार्थ. २०११, लिफ्ट बंद आहे, कल्याण केंद्र, तृतीय. अशी एकतीस. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"ह्यात मी कुठं हाय?" तिनं विचारलं.

मी कागद पुन्हा बघितला. ती त्यात कुठेच नव्हती. आणि मग मी तिला ते सांगितलं जे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. म्हटलं, गोदा, तालमीत मी तुला बघितलंय. प्रयोगात एकदाही नाही. तुझं काम सुरू झालं की मी विंगेतून त्या तीन पेनांकडे बघत असायचो. पेन हललं की जीवात जीव, थांबलं की काळजात धस्स. एकतीस नाटकं मी परीक्षकांचे हात बघितलेत.

तिला राग येईल असं वाटलं होतं. "मना माहीत हाय," ती म्हणाली. "विंगेत तुमची मान कुठं असते ते स्टेजवरनं दिसते." आणि चपला पायात सरकवल्या. मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी नयनकडे गेलो. नयन आमची प्रकाशयोजना बघतो, तीसेक वर्षं मागच्या केबिनमध्ये दिव्यांची बटणं घेऊन बसतो, म्हणजे त्यानं सगळं समोरून बघितलंय. मी वही काढली. तो सांगत गेला. वजनकाट्यात तिसऱ्या प्रवेशात मी तिला किंचाळायला सांगितलं होतं. प्रयोगात ती किंचाळली नाही. तिनं काट्याची दोन्ही पारडी मांडीवर घेतली आणि तान्ह्या मुलाला थोपटतात तशी थोपटत बसली. त्या वेळी एका परीक्षकानं घड्याळ बघितलं होतं, ते मला आठवत होतं. नयनला आठवत होतं ते हे की मागच्या बायकांनी पदरानं वारा घ्यायचं थांबवलं. खाजणमध्ये ती छत्तीसाव्या वर्षी सत्तरीची मिठागरवाली झाली. पायाची बोटं जमिनीत रुतवून चालायची. हे चालणं ठमाबाईंचं, मिठागरात जन्म काढलेल्या बाईचं. प्रयोग संपल्यावर ठमाबाई मागच्या रांगेतून उठल्या तेव्हा नयनला वाटलं, गोदाच चालत येतेय. लिफ्ट बंद आहे मध्ये ती एका जागी उभी राहून सात मजले चढायची. चौथ्या मजल्यावर ती दम खायला थांबली की नयन दिव्याचा उजेड एक घर उतरवायचा. असं कुणी सांगितलं नव्हतं, त्यालाच दम लागायचा.

हे मानपत्र. केंद्र आणि क्रमांक मी खोडून टाकलेत. ज्याला हवेत त्यानं दुसरीकडे शोधावेत.

यंदा आमच्या नेहमीच्या नाट्यस्पर्धेत आमचं नाटक होतं. गोदाचं बत्तिसावं, प्रयोग सकाळी साडेअकराचा. तालमीत मी खडू आणला नाही. पडदा उघडायच्या आधी तिनं मला विंगेतून अक्षरशः ढकललं. "मागं जाऊन बसा. डावीकडं, खांबाजवळ." मी गेलो. ठमाबाई जाऊन नऊ वर्षं झाली, ती खुर्ची मोकळीच होती. तिथून परीक्षक दिसत नाहीत, खांबच आड येतो. दिसतं ते फक्त स्टेज.

ती डोक्यावर जड पाटी घेऊन आली, खाली ठेवली, आधी गुडघा, मग जमीन, आणि मान वर करून सरळ माझ्याकडे बघितलं. पुढचे दोन तास मी तिथून हललो नाही.

निकाल लागला तेव्हा मी बघायला गेलो नाही. नयननं सांगितलं की आमचं नाव नाही. पण ते नंतरचं. त्या दिवशी प्रयोग संपल्यावर मी मेकअपच्या खोलीत गेलो तेव्हा गोदा आरशासमोर तोंड पुसत होती. तिनं मागे वळून न बघता विचारलं, "काय बगितला?"

मी खुर्ची ओढून बसलो आणि पहिल्या प्रवेशापासून सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या प्रवेशात पदर दोनदा खोचलास, एकदा पुरे होता, असंही सांगितलं.

"दुसऱ्यांदा खोचला नाय," ती म्हणाली, "घाम पुसला. नीट बगत जा."